जिममधलं मेफेंटरमाईन: पोरांना काय सांगायचं, काय तपासायचं?

तालीम_खानापूर
राम राम मंडळी. विटा, तासगाव, कडेगाव पट्ट्यातल्या व्यायामशाळांसाठी विचारतोय. सांगली जिल्ह्यातल्या इरळीला २०२४ मध्ये एमडीचा (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा) कारखाना सापडला तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष एमडीवर आहे. पण पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी आणि बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर जाणारी पोरं मेफेंटरमाईन या बीपी वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनकडे वळतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. "हे ड्रग नाही, ऑपरेशनला डॉक्टरच देतात" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. यावर काय सांगायचं? घेतलंय हे ओळखायचं कसं? आणि पोरगं कोसळलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

भूल_विभाग
दादा, पोरांचं अर्धं खरं आधी मान्य करा, मग उरलेलं सांगता येतं. पाठीत भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी घसरतं. तेव्हा हे औषध शिरेतून थोडं थोडं देतात. पेशंट आडवा, छातीला ईसीजीच्या तारा, दर दोन-तीन मिनिटांनी बीपी. पडलेलं बीपी जागेवर आणायचं औषध आहे ते. जिममधल्या पोराचं बीपी पडलेलंच नसतं. जड वजनाला श्वास कोंडला की ते क्षणभर तसंही २०० च्या वर जातं, आणि त्यावर हे इंजेक्शन. मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं, हृदयाची धमनी आखडून अटॅक येणं, ठोके बिघडून जागीच कोसळणं, हे सगळं विशीतल्या पोराला याच वाटेनं होतं.

आता "ताकद येते" याबद्दल. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रिनलीनचा साठा असतो. हे औषध मुख्यतः तो साठा ढकलून बाहेर काढतं. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. साठा आटला की तेवढ्याच औषधानं काही होत नाही. पोराला वाटतं माल भेसळीचा आहे, म्हणून तो वाढवत जातो. व्यसन वाढतं ते इथून. शरीरात याचं फेंटरमिन बनतं, ते मेंदूत जातं. झोप उडते, भूक मरते, आणि रोजची सवय झाली की संशय सुरू होतो: माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय, माझ्याबद्दल बोलतायत.

स्टेजच्या आधी जी पोरं पाणी तोडतात आणि लघवीच्या गोळ्या घेतात, त्यांना धोका सगळ्यात जास्त. पोटॅशियम खाली गेलेलं, रक्त घट्ट झालेलं, वरून प्री-वर्कआउटचं कॅफीन. या अवस्थेत हृदयाचा ताल बिघडायला फार काही लागत नाही. शिवाय वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत हे स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं उत्तेजक आहे, तेही पोरांना स्पष्ट सांगा.

सुई_डबा
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली: बाटली. औषध १० मिलीच्या बाटलीत येतं आणि तीन-चार जणांत फिरतं. "आमची सिरिंज प्रत्येकाची वेगळी आहे" असं पोरं ठामपणे सांगतात. पण एकदा टोचलेली सुई दुसऱ्यांदा भरायला बाटलीत गेली की रक्ताचा अंश आत जातो, आणि मग नवी सिरिंजसुद्धा सुरक्षित राहत नाही. हिपॅटायटिस सी चा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकतो. म्हणून वेगळ्या सिरिंजच्या भरवशावर राहू नका, बाटली एक होती का ते विचारा.

तपासण्या तीन: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (समुपदेशन व तपासणी केंद्रात) मोफत आणि गुप्त होते. आज निगेटिव्ह आली तरी शेवटच्या टोचण्यापासून तीन महिन्यांनी परत करायची. टोचून ७२ तास झाले नसतील तर थेट कॅज्युअल्टीत जाऊन एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या औषधाबद्दल विचारा, कोर्स २८ दिवसांचा असतो. बी ला लस आहे: आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी. सी ला लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

टोचल्या जागी लालसर, गरम, दुखरी गाठ आली तर घरी दाबून पू काढू नका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जंतू हृदयाच्या झडपेवर बसू शकतात.

बीपी_आधी_मग_वजन
ओळखण्यासाठी पोरांच्या पिशव्या तपासत बसू नका. दारात दंडावरचं डिजिटल बीपी मशीन ठेवा. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसणं, पट्टा हृदयाच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग. १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. बसल्या जागी नाडी शंभराच्या वर, बाहुल्या मोठ्या, हात थरथरतात, पंखा चालू असूनही घाम, आणि दोन-तीन रात्री झोप नाही, हे सगळं एकत्र दिसलं तर बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार. मूत्राच्या पट्टीवर विसंबू नका, साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा निसटतं.

कोसळला, तर:
प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा आचके देतोय: १०८ ला फोन, लगेच छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर.
शुद्धीत आहे पण छातीत दुखतंय, डोकं फुटतंय, तोंड वाकडं झालंय: बसवा, हालचाल बंद, १०८.
अंग भट्टीसारखं तापलंय: कपडे सैल, ओली चादर, पंखा. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.
फिट आली: कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, काही नाही.

घरातली बीपीची गोळी देऊ नका, काही गोळ्यांनी उलट रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आणि कॅज्युअल्टीत औषधाचं नाव सांगा, बाटली सोबत न्या. "काही घेतलं नव्हतं" या एका वाक्यानं उपचाराची दिशा चुकते.

तालीम_खानापूर
सगळ्यांचे आभार. पोरगं सोडायला तयार झालं तर घरी खोलीत ठेवावं का? की आधी जिममधून काढावं?

समुपदेशन_सातारा
दोन्ही नको. काढलंत तर तो नजरेआड जाईल, इंजेक्शन सुटणार नाही. विकणाऱ्याला मात्र ठेवू नका. हे चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही, तक्रारीसाठी एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल-फ्री १८००२२२३६५ आहे.

बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोरगं झोपतं आणि खा-खा खातं. घरच्यांना वाटतं सुटलं. पुढचे दोन-तीन आठवडे खरे अवघड: मन खचलेलं, कशातच रस नाही, मरणाचे विचार. त्या काळात एकटं ठेवू नका, आणि वजन, पळणं हळूच वाढवा. चौथ्या दिवशी जुना वेग मागितलात तर तो बाटलीकडेच जाईल. भास किंवा संशय असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याच आठवड्यात. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तुमच्याकडे मिरज-सांगलीची शासकीय रुग्णालयं. फोनवर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

खासगी केंद्र निवडताना नोंदणी पाहा, डॉक्टर रोज येतात का विचारा, भेटायला बंदी असेल तर तिथून परत फिरा. एमडीसोबत पकडला जायची भीती असेल तर वकिलाला एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) कलम ६४अ विचारा. अल्प प्रमाण, म्हणजे एमडीसाठी २ ग्रॅमपर्यंत, आणि व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून रुग्णालयाचा प्रत्येक कागद जपून ठेवा.