आईबाबांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ: फायदा की नसता ताप?

धरमपेठकर: बाबा ७२ वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून पेपर, टीव्ही आणि दुपारची झोप. दिवाळीत त्यांना पावलं मोजणारा बँड घेऊन दिला. आता संध्याकाळी आपणहून ट्रॅफिक पार्ककडे निघतात, शेजारच्या काकांशी पावलांची पैज लावतात. ज्येष्ठांना हलतं ठेवायला याहून सोपा उपाय मला तरी दिसत नाही.

तर्रीपोहे: सोपा कसला बाप्पा! या घड्याळांतला तो रोजच्या १०,००० पावलांच्या लक्ष्याचा आकडा कोण्या डॉक्टरानं काढला नाही. १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तिथून तो चालत आला. आमचे मामाजी मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, चार वाजताच दुपट्टा बांधून निघाले. काहून? तर घड्याळ थरथरलं म्हणून!

धरमपेठकर: मग आकडा कमी करा ना, सेटिंगमध्ये होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या बायकांवरचा अभ्यास आला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर वाढीव फायदा जवळपास थांबला. बाबांचं लक्ष्य ५,००० आहे, तेही ऊन उतरल्यावर.

सेमिनरी हिल्सची काकू: ज्यांच्या हातात बांधता त्यांना कुणी विचारलं का रे? माझी पावलं रोज पुण्याला मुलाच्या मोबाइलवर जातात. कमी दिसली की लगेच फोन, "आई, आज चालली नाहीस?" जेवलीस का, हे नंतर. त्यात माझ्या डाव्या हातात काठी, घड्याळही त्याच हातात. बागेत फेरी मारून आले तरी पावलं जेमतेम, आणि पोळ्या लाटल्या की भराभर वाढतात!

तर्रीपोहे: घ्या! आणि तोल कोण मोजणार? जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, हे तुमचा बँड सांगते का?

धरमपेठकर: नाही सांगत, मान्य. पण सोफ्यावरून न उठणारा माणूस दारापर्यंत तरी आला ना? ताकदीचं पुढे बघू. काकू, काठी नसलेल्या हातात बांधून बघा. आणि मुलाला आकडे जाणं ॲपमधून बंद करता येतं.

सेमिनरी हिल्सची काकू: ते कसं करायचं, नीट मराठीत लिही. चिरंजीवांनी विचारलं तर सांगेन, चार्जिंग संपलं होतं.