मदत हवी आहे: पार्क उघडले पण रेस्टरूम बंद, आईबाबांना फिरायला न्यायचं कसं? (न्यू जर्सी, मे २०२०, कोरोना लॉकडाऊन)

नमस्कार मंडळी, सेंट्रल जर्सीवाल्यांनी जरा मदत करा प्लीज. बाकीच्यांनीही सुचवा काही असेल तर.

आईबाबा जानेवारीत सांगलीहून आले, एप्रिलचं परतीचं तिकीट होतं आणि मार्चमध्ये भारताने इंटरनॅशनल फ्लाईट्सच बंद केल्या, त्यामुळे अडकलेत. वंदे भारतसाठी (अडकलेल्यांना परत नेणारी भारत सरकारची विमानं) कॉन्सुलेटचा फॉर्म भरून ठेवलाय, नंबर कधी लागेल देव जाणे. तो विषय वेगळा, त्यावर दुसरा धागा आहेच. माझा प्रश्न रोजचा आहे. टू बेडरूम अपार्टमेंटमध्ये आम्ही पाच जण, दोघांचं वर्क फ्रॉम होम, लेकाची झूमवर शाळा, आणि बाबांना (७३, डायबेटिस, बीपी, प्रोस्टेटचाही त्रास) डॉक्टरांनी रोज पाऊण तास चाला म्हणून सांगितलंय. ७ एप्रिलला गव्हर्नर मर्फींनी स्टेट आणि कौंटी पार्क बंद केले तेव्हापासून ते बिल्डिंगच्या पार्किंग लॉटमध्ये चकरा मारतायत, तिथे गाड्या रिव्हर्स येतात आणि बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणजे माझं अर्धं लक्ष मीटिंगमध्ये आणि अर्धं खिडकीत.

२ मेला पार्क उघडले तेव्हा हुश्श झालं. पण उघडले म्हणजे काय तर पार्किंग निम्मंच, पिकनिक नाही, झोपाळे-घसरगुंडी बंद आणि रेस्टरूमला कुलूप. गोल्फ कोर्स मात्र उघडले हं! गोल्फ खेळणाऱ्यांना लागत नसावी बहुतेक.

तर बाबांना तासाभरात एकदा तरी जावं लागतंच. ते मला हे बोलत नाहीत, मुलगी पडले ना. आईने सांगितलं तेव्हा कळलं की पार्कला जायच्या दिवशी ते सकाळचा चहा अर्धा कपात तसाच ठेवतात आणि पाणी तर पीतच नाहीत. डायबेटिसच्या माणसाने असं करून कसं चालेल? झाडामागे जा म्हणावं तर पार्क पोलीस फिरत असतात, आणि व्हिजिटर व्हिसावर असताना असल्या गोष्टीचं तिकीट नको रे बाबा. रेस्टॉरंटं फक्त टेकआऊट, आत घेत नाहीत.

दुसरा वैताग गर्दीचा. वीकेंडला गेलो तर लॉट फुल, गेटवरूनच परत. वीकडेला जागा मिळते पण तिथे तळ्याकाठच्या बाकांवर आपल्याकडचे अडकलेले सगळे आजीआजोबा जमतात. तेलुगू, गुजराती, पंजाबी, दोन कुटुंबं मराठी. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ती बसतेच, आणि बसली की गप्पा. मास्क हनुवटीवर. शेजारच्या काकू कानाशी येऊन ढोकळ्याची रेसिपी सांगत होत्या, मी लांबून हातवारे करतेय, कुणाचं लक्ष नाही. तिला तरी काय बोलू, दोन महिने घरात बसून माणूस दिसलं नाही तिला.

तर रेस्टरूमचं तुम्ही काय करताय, कुठे कमी गर्दीचं सपाट चालायला आहे, आणि आईला बाकावर बसू द्यायचं की नाही, याबद्दल अनुभव असतील तर लिहा.

जर्सीतला_जोशी
कनालचा टोपाथ (काठची पायवाट) बघा, डी अँड आर कनाल. सत्तरेक मैल आहे, एकदम सपाट, किंग्स्टन किंवा ग्रिग्सटाऊनला गाडी लावून कुठल्याही बाजूला चालत सुटायचं. फक्त रस्ता अरुंद आहे, सायकलवाले मागून येतात, बाबांना कमी ऐकू येतं म्हणताय तर कुणीतरी त्यांच्या मागे चाला. वीकेंडला अजिबात नको.

पळसफूल
टोपाथ छानच आहे पण तिथे त्या काकांनी मधेच करायचं काय? प्रश्न तो आहे ना!

मी नर्स आहे, स्पष्ट लिहिते. फार्मसीत पुरुषांची युरिनल बाटली मिळते, झाकणाची, आपल्याकडे हॉस्पिटलात असते तीच. गाडीत ठेवा. व्हॅन असेल तर उत्तम, खिडक्यांना सनशेड लावा, सोबत वाइप्स आणि सॅनिटायझर. घरी येऊन कमोडमध्ये ओतायची, साबणाच्या पाण्याने धुवायची. जवळपास बहुतेक घरांत हाच उपाय चाललाय, कुणी बोलत नाही एवढंच. लांब जायचं असेल तर पुल-अप डायपरही मिळतात.

पाणी तोडायचं मात्र बंद करायला लावा. आणि गोळ्यांची नावं बघा. बीपीच्या गोळीत पाण्याची गोळी असेल किंवा डायबेटिसची ते ‘ग्लिफ्लोझिन’वाली असेल तर लघवी जास्त होणारच. त्यांच्या सांगलीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, वेळ बदलता येते का. आपल्या मनाने गोळी पुढेमागे करू नका.

आजोबांची_नात
रेस्टरूम उद्या उघडले तरी मी माझ्या सासऱ्यांना सुखासुखी पाठवणार नाही. छोटीशी बंद खोली, हवा खेळत नाही, फ्लशला झाकण नाही, कडीला शंभर हात लागलेले. अगदीच वेळ आली तर मास्क नाकावर, पटकन आत पटकन बाहेर, साबणाने हात, गाडीत येऊन परत सॅनिटायझर.

बाकाचं म्हणाल तर मला बाकापेक्षा गप्पांची भीती वाटते. कुणी बाजूने चालत गेलं त्याने काही होत नाही फारसं, पण पाव तास तोंडाला तोंड लावून बोलणं म्हणजे पंचाईत. आम्ही दोन फोल्डिंग खुर्च्या घेऊन जातो. आपली खुर्ची आपण ठेवू तिथे राहते, बाकावर कुणीही शेजारी येऊन टेकतं. खुर्च्या सहा फुटांवर मांडा, ढोकळा काय उंधियोसुद्धा ओरडून सांगता येतो :) आईंच्या गप्पा बंद करू नका हो.

जर्सीतला_जोशी
खुर्चीची आयडिया भारी. अजून एक, ऑफिस पार्क सगळे ओस पडलेत सध्या. आमच्या इथे एका कंपनीच्या आवारात पूर्ण लूप आहे, झाडं, तळं, बदकं सगळं, आणि चिटपाखरू नाही. खाजगी जागा आहे, सिक्युरिटीवाल्याला आधी विचारलं, तो म्हणाला गाडी बाहेर लावा आणि चाला. घरापासून पाच मिनिटांवर असं काही मिळालं तर रेस्टरूमचा प्रश्नच मिटला, वीस मिनिटं चाला, घरी जा, परत या. सलग पाऊण तासच पाहिजे असं थोडंच आहे?

मी_अनिवासी
ग्रेव्हयार्डमध्ये पण मस्त शांतता असते. (पळा आता)

पळसफूल
:D माझ्या आईला एकदा नेलं होतं, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली तिने.

बरं, मे महिना आहे, गवतातून चालू नका कुणी. टिक्स (गोचीड) निघालेत. घरी आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं. ते चावून या गडबडीत लाइमचा आजार व्हायला नको कुणाला.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे खूप आभार. पळसफूल, तुमचा प्रतिसाद वाचून गोळ्यांची पाकिटं काढून बघितली, बीपीच्या गोळीत खरंच पाण्याची गोळी आहे आणि बाबा ती बरोब्बर निघायच्या आधी घेतात. सांगलीला मेसेज टाकलाय, तिकडे रात्र आहे, उत्तर उद्या येईल.

बाटली आणायला नवरा गेलाय. बाबांशी बोलायचं कामही त्याच्याकडेच दिलंय, जावयासमोर जास्त लाजतील की मुलीसमोर यावर आईचं आणि माझं एकमत होत नव्हतं, शेवटी आई म्हणाली त्यालाच सांगू दे, त्याच्या वडिलांनाही हाच त्रास आहे. ऑफिस पार्क घराजवळ एक आहे, उद्या दुपारी जाऊन सिक्युरिटीला विचारते. खुर्च्या आहेत आमच्याकडे, बीचच्या, फार खोल आहेत, आईला उठता येणार नाही. उंच सीटची हाताची खुर्ची, गाडीत मावेल अशी, कुणी घेतली असेल तर कुठली ते सांगा. ऑनलाइन जूनमधली डिलिव्हरी दाखवतायत.

आजोबांची_नात
उंच सीटच्या खुर्च्या मेडिकल सप्लायच्या दुकानात मिळतील, बरीचशी दुकानं कर्बसाइड (बाहेर गाडीपाशी आणून) देतात, फोन करून बघा. नाही मिळाली तर तुमच्या गावाचं नाव विपूत (माझ्या विचारपुशीत) कळवा, आमच्याकडे एक जास्तीची आहे, दारात ठेवते, घेऊन जा.