मदत हवी आहे: टॉवरवर बसणारा ससाणा कोणता? फोटो काळेच येतात

रानवाट:
समोरच्या मोबाईल टॉवरवर रोज सकाळी ससाणा बसतो. कबुतर सोलतो, पिसं आमच्या गच्चीवर पडतात. नक्की कोणता हा? फोटोत नुसती काळी आकृती येते. रविवारी गावी चाललोय, लवकर सांगा.

कातळकडा:
कुठे राहता? केव्हापासून दिसतोय? कॅमेरा, लेन्स? काळा तर काळा, फोटो टाका, पंखांचा आकार तरी कळेल.

मंदाताई:
शिक्रा असणार. आमच्या आंब्यावर दरवर्षी घरटं करतो.

कातळकडा:
ताई, शिक्रा स्वतःच जेमतेम कबुतराएवढा. तो सरडे आणि लहान पाखरं धरतो, बसतो पानांच्या आडोशाला. डोळा बघायचा: शिक्र्याचा पिवळा किंवा लाल, ससाण्याचा काळाभोर.

रानवाट:
कोथरूड. डिसेंबरपासून येतोय. डोळा काळा, भोवती पिवळं कडं, गालावर जाड काळा पट्टा. लेन्स ३०० मिमी.

कातळकडा:
मग बहिरी ससाणाच. पट्टा बारीक आणि डोकं तपकिरी असतं तर लग्गड (दुसरा एक ससाणा) म्हटलं असतं. आता पोट बघा. पांढरट असेल तर उत्तरेकडून आलेला हिवाळी पाहुणा, उन्हाळा लागला की परत जाईल. विटकरी असेल तर शाहीन, म्हणजे बहिरीचाच एक प्रकार, आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर वीण करणारा, बारमाही इथलाच.

घाटमाथा:
३०० मिमीत काही होत नाही, ६०० घ्या. नाहीतर गच्चीवर कोंबडीचे तुकडे ठेवा, खाली उतरेल.

मंदाताई:
असलं काही करू नका हो! रानपाखराला कसली सवय लावता?

कातळकडा:
ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि हा पक्षी उडत्या पाखरावर झडप घालणारा, गच्चीवरच्या तुकड्यांकडे कशाला बघेल? लेन्सचाही दोष नाही. मागचं आकाश उजळ असलं की कॅमेरा पक्ष्याला काळा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ वर न्या, कमी वाटलं तर अजून थोडं. सूर्य तुमच्या पाठीशी हवा. उडतानाचा हवा असेल तर शटर स्पीड १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस कंटिन्युअसवर (हलत्या पक्ष्यावर सतत जुळत राहणारा). उडण्याआधी पुष्कळदा पुढे झुकून शिटतो, तेव्हा बोट बटणावर तयार ठेवा.

निळाई:
कबुतरांसाठी बाल्कनीला नायलॉनची जाळी लावा, आमचा त्रास बंद झाला.

घाटमाथा:
त्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याला जा, अमूर ससाणे तारेवर बसलेले मिळतात. तिथून अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका!

रानवाट:
अमूर नकोय मला, टॉवरवरचा हवाय. +१ ने आज रंग दिसले. पोट तांबूस आहे, पण खालच्या बाजूला बारीक रेघापण आहेत. मग पाहुणा का?

कातळकडा:
रेघा आडव्या की उभ्या? उभ्या असतील तर पिल्लूवयातला, मग नुसत्या रंगावर जाता येणार नाही. तांबूस पोटावर बारीक आडव्या असतील तर प्रौढ शाहीन. छाती दिसेल असा समोरून एक काढा आणि न कापता इथे टाका.