मारुती ८०० च्या पुढच्या काचेतून पाणी गळतंय, मदत हवी आहे

गाडी १९९७ ची, कार्बोरेटरवाली. पुढची काच अजून मूळचीच आहे. मुक्काम रत्नागिरी, शेड नाही, गाडी पावसातच उभी असते.

जोराची सर आली की डावीकडच्या सीटपुढचं मॅटिंग भिजतं. दरवाजाची बीडिंग नवी घातली, वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढला, फरक नाही. मग आतून डॅशबोर्डच्या कडेला वर्तमानपत्र चिकटवलं आणि बाहेरून पाइपने खालून वर हळूहळू पाणी मारलं. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी कागद ओला झाला. पाणी काच आणि रबराच्या मधून येत नाही, रबर आणि पत्र्याच्या मधून येतंय. रबर नखाने दाबलं तर अजिबात दबत नाही, आणि कड उचलली की खाली रंग फुगलेला, गंज दिसतो.

गॅरेजवाल्याने वरून सिलिकॉन मारून दिलं होतं. ते पापुद्र्यासारखं निघून आलं. तसलं आंबूस वासाचं सिलिकॉन पत्र्यावर गंज वाढवतं, म्हणून पुन्हा नको.

काच काढून गंज घासणं, प्रायमर, नवं रबर हे करायचंच आहे, पण पाऊस संपल्यावर. काढताना जुनी काच तडकेल ही धास्ती आहेच.

तोवर रबराच्या कडेखाली न सुकणारं ब्यूटाइल सीलंट भरलं तर चालेल का, की आत पाणी अडकून गंज आणखी पसरेल? आणि रबर कापून काच काढली तर ती शाबूत राहते का? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.