मदत हवी आहे: बेकन आणि श्रावणघेवडा. घेवडा खाकी होतो, बेकन चिवट राहतं

घोसाळं

नमस्कार मंडळी. इथे शोधून पाहिलं, श्रावणघेवड्याच्या भाज्या ढिगाने सापडल्या, पण बेकन (डुकराचं खारवलेलं मांस) घातलेली एकही नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

लेक स्टुटगार्टला असते, जावई तिथलाच. दोघं २१ डिसेंबरला पुण्यात येतायत. पोरगा गुणी आहे. मागच्या खेपेला वरणभात हाताने कालवून खाल्ला, वर लिंबाची फोड मागून घेतली. पण परवा लेकीने फोनवर हळूच सांगितलं, "आई, नाताळाच्या दिवशी त्याच्या ताटात एक तरी ओळखीची गोष्ट असू दे." त्याच्या आईकडे त्या दिवशी मांसाच्या शेजारी 'श्पेकबोनेन' असतात म्हणे. घेवड्याच्या सातआठ अख्ख्या शेंगांची जुडी आणि तिच्याभोवती बेकनची पट्टी गुंडाळलेली. फोटो पाठवलाय. शेंगा हिरव्यागार, बेकन तपकिरी कुरकुरीत.

आता आमच्या घरची परिस्थिती. सासूबाई ८४ वर्षांच्या. घरात अंड्याचं भांडं वेगळं, ते गॅलरीतल्या कपाटात राहतं. आम्ही दोघं बाहेर सगळं खातो, घरात नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जावई आहे, कर काय ते. माझ्या ओट्यावर नको." त्यामुळे गॅलरीत इंडक्शनची शेगडी मांडून दोनदा तालीम केली (मार्गशीर्षातले गुरुवार टाळून).

पहिल्यांदा जुडीबिडीच्या भानगडीत न पडता साधी भाजी केली. कँपातल्या एका कोल्ड स्टोअरमधून २०० ग्रॅमचं फ्रोझन पाकीट आणलं. स्टीलच्या कढईत दोन चमचे तेल कडकडीत तापवलं, बेकनचे तुकडे टाकले. आधी पांढरा फेस आला, मग सगळं तळाला चिकटलं, कडा करपल्या आणि आतली चरबी रबरासारखी. त्यावर चिरलेला घेवडा, नेहमीसारखं मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, झाकण, झाकणावर पाणी. पंधरा मिनिटांनी उघडलं तर भाजीचा रंग थेट एनसीसीच्या गणवेशाचा. आणि खारट! आमचे हे दोन घास खाऊन म्हणाले, "जावयाला पाणी जास्त ठेव."

दुसऱ्यांदा जुड्या करून ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) ठेवल्या. पट्ट्या उलगडल्या, ताटलीत पाणी सुटलं, शेंगा करकर वाजत राहिल्या. त्या मी कच्च्याच गुंडाळल्या होत्या.

तर, शेंगा हिरव्या राहून शिजणार कशा? बेकन कुरकुरीत कसं होतं? ओटीजीत पाणी का सुटलं? हाताशी दहा दिवस आहेत.

पेठी जीव

श्रावणघेवडा म्हणजे फरसबी ना?

कढीलिंब

मुंबईकर फरसबी म्हणतात. पुण्यात श्रावणघेवडा. नुसता 'घेवडा' मागितला तर मंडईत चपट्या शेंगाही हातात पडू शकतात, त्या चालायच्या नाहीत. ताई, गोल, बारीक, मोडल्यावर 'कट्' आवाज येणारी शेंग घ्या. धागा निघत असेल तर जून आहे, परत टाका.

पेठी जीव

आमच्याकडे तीन पिढ्या फरसबीच म्हणतात आणि आम्ही सदाशिव पेठेत राहतो.

कढीलिंब

बरं.

अर्धा_चहा

घोसाळंताई, तुमचा पहिला प्रयोग वाचून हसलो, माफ करा, पण त्यात तुमची चूक एकच आहे: तुम्ही बेकनला बटाटा समजलात. आपल्याकडे काहीही परतायचं म्हणजे आधी तेल तापवायचं. बेकनमध्ये तेल आधीच आहे, ते बाहेर काढणं हाच सगळा स्वयंपाक.

गार भांड्यात बेकन पसरा. तेल अजिबात नाही. मग शेगडी लावा, मंद. चरबी सावकाश वितळते, तुकडा स्वतःच्याच चरबीत तळला जातो. तापलेल्या तेलात टाकलं की बाहेरचा भाग आवळतो, करपतो, आणि आतली चरबी जागच्या जागी राहते. तेच तुमचं रबर. दहाबारा मिनिटं लागतात, मध्ये दोनतीनदा उलटवा, घाई नको.

पांढरा फेस आला म्हणजे त्या पाकिटातल्या बेकनमध्ये खारवणाचं पाणी भरपूर आहे. बेकन दोन तऱ्हांनी मुरवतात. एक, मीठ-साखर चोळून कोरडं. दोन, मिठाचं पाणी सुयांनी आत टोचून, हे लवकर होतं आणि वजनही वाढतं. तुमचं दुसऱ्या तऱ्हेचं असणार. ते पाणी उडून जाईपर्यंत तळणं सुरूच होत नाही. ओटीजीतल्या ताटलीतलं पाणीही त्यातलंच. वापरायच्या आदल्या रात्री पाकीट फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पट्ट्या सुट्या करून कागदी रुमालावर दाबून टिपा. निम्मं काम तिथेच होतं.

आणि भांडं. स्टीलला चिकटणारच. बिडाचा तवा आहे का? इंडक्शनवर चालतो.

घोसाळं

बिडाचा तवा आहे, पण तो घावनांचा आहे, सासूबाईंच्या लग्नातला. त्याला हात लावला तर मला स्टुटगार्टला जाऊन राहावं लागेल. नवा आणते.

अर्धा_चहा

नवाच आणा. बेकनने तो आयता मुरतो. महिन्याभरात त्यावर अंडंसुद्धा सुटं निघेल.

निवृत्त_प्रयोगशाळा

रंगाबद्दल मी सांगतो. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पानाशेंगांचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. उष्णता आणि आम्ल एकत्र आली की मॅग्नेशियम निसटतं, त्याच्या जागी हायड्रोजन येतो, आणि रंग शेवाळी-खाकी होतो. एकदा झाला की परत फिरत नाही. आता तुमची कृती बघा. लिंबू सुरुवातीला पिळलंत, म्हणजे आम्ल घातलंत. झाकण ठेवलंत. शेंग शिजताना तिच्यातली स्वतःची आम्लंही वाफेबरोबर बाहेर पडतात, ती झाकणाला लागून थेंबाथेंबाने पुन्हा भाजीवर गळतात. झाकणावर पाणी ठेवलं की झाकण गार, म्हणजे थेंब जास्त. आणि वर पंधरा मिनिटं.

उपाय सोपा आहे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळा उकळा, लिटरला दोन चहाचे चमचे मीठ, त्यात शेंगा सोडा, झाकण नाही. पाणी भरपूर असलं की सुटलेलं आम्ल त्यात विरून जातं. शिजल्या की लगेच बर्फाच्या पाण्यात. लिंबू किंवा व्हिनेगर ताटात वाढताना, आधी नाही.

कोणीतरी चिमूटभर सोडा घालायला सांगेल. ऐकू नका. रंग झकास येतो, पण शेंगेचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वांची नासाडी होते ती वेगळी.

पेठी जीव

मी सोडाच सांगणार होतो.

काळं_जंगल

मी स्टुटगार्टपासून तासाभरावर राहते, सासर इथलंच, त्यामुळे या जुड्या दर वर्षी वळते.

सगळ्यात आधी: शेंगा कच्च्या गुंडाळू नका. करकर वाजतात एवढंच नाही, बाधतात. कच्च्या शेंगेत फासीन म्हणून एक प्रथिन असतं, पोट चांगलंच बिघडवतं. इथल्या आजीबाया कच्ची शेंग तोंडात टाकणाऱ्या पोराच्या हातावर चापट मारतात. आपल्याकडे राजमा नीट उकळायला सांगतात त्याचं कारणही तेच. राजमा आणि श्रावणघेवडा एकाच वेलीचे, एकाचं बी खायचं, दुसऱ्याची शेंग. खळखळत्या पाण्यात कोवळी बारीक शेंग ७-८ मिनिटं, जाडसर असेल तर १०. नुसती कोमट वाफ देऊन भागत नाही. सरांनी सांगितलेलं पातेलं त्यासाठीही बरोबर आहे. दाताखाली किंचित लागली पाहिजे, पण कच्चा वास गेलेला हवा.

मग बर्फाचं पाणी, आणि मग पंचावर पसरून खरोखर कोरड्या करा. ओल्या शेंगेभोवती बेकन कुरकुरीत होत नाही, नुसतं वाफवलं जातं. दोन्ही टोकं कापून सगळ्या सारख्या लांबीच्या करा, आठआठच्या जुड्या.

पट्टी पातळ हवी. तिकडे मिळणारी जाड असेल तर पाटावर ठेवून सुरीच्या मुठीकडच्या बोथट पाठीने दाबत ओढा, पट्टी बरीच लांबते आणि पातळ होते. दोन वेढे पुरतात, टोक जुडीखाली दाबायचं. भांड्यात ठेवताना ते टोक *खाली*. पहिली तीन मिनिटं हलवायचं नाही, तिथे बेकन स्वतःला चिकटतं आणि मग उलगडत नाही. काडी टोचायची गरज नाही, पण पहिली वेळ आहे तर टोचा, कोण बघतंय.

ओटीजीत करणार असाल तर आधी २०० अंशांना नीट तापू द्या, मग जाळीवर जुड्या आणि खाली ताटली, १५ ते २० मिनिटं. मला विचाराल तर तवाच बरा. सात-आठ मिनिटांत होतं आणि डोळ्यासमोर राहतं.

अजून एक. इथे घेवड्याच्या पाण्यात बोनेनक्राउट नावाचा पाला घालतात, नावाचा अर्थच 'घेवड्याचा पाला'. पुण्यात शोधत बसू नका. त्याचा वास आपल्या ओव्याच्या पानाच्या अगदी जवळचा आहे. कुंडीत असेल तर एक पान, *एकच*, पाण्यात टाका. जावई वासाने ओळखतो का बघा.

घोसाळं

ओव्याची कुंडी आहे! सासूबाई भजी करतात त्याची. खूप खूप आभार.

तब्येत_सांभाळा

कोणी सांगत नाहीये म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये बेकन, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे कर्करोगाशी संबंध पुरेसा सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. मिठाचंही प्रमाण बघा. त्यापेक्षा घेवड्यावर खोबरं-मिरची का नाही?

अर्धा_चहा

वर्षातून एकदा, माणशी दोन पट्ट्या. खोबरं-मिरची २६ तारखेला करतील त्या.

कढीलिंब

ताई, मुद्द्याचं राहिलं: मीठ. शेंगांच्या पाण्यात आहे, बेकनमध्ये तर आहेच. वरून चिमूटसुद्धा नको, मिरपूड फक्त. लसूण घालणार असाल तर बेकन काढून घेतल्यावर, उरलेल्या चरबीत. आधी घातली की काळी.

आणि ती चरबी बेसिनमध्ये ओतू नका. डिसेंबरात पुण्याच्या गारठ्यात पाइपात घट्ट बसते. आमच्या सोसायटीत एकांनी हा पराक्रम केला होता, प्लंबर तीन तास होता आणि खर्च सगळ्यांनी वाटून भरला. काचेच्या बरणीत गाळून ठेवा.

घोसाळं

मंडळी, वृत्तांत.

नाताळ बुधवारी आला म्हणून निभावलं, गुरुवारी असता तर अवघड होतं. सकाळी मंडईतून अर्धा किलो शेंगा आणल्या, मोडून मोडून घेतल्या, भाजीवाली म्हणाली "काकू, सगळ्याच मोडणार का?"

शेंगा मी *ओट्यावर* उकडल्या, कारण त्यात काही गैर नाही. ओव्याचं एक पान टाकलं. आठव्या मिनिटाला एक चावून पाहिली, बर्फात टाकल्या. सर, खरंच सांगते, इतका हिरवा रंग माझ्या कुठल्याच भाजीला आजवर आला नव्हता. सासूबाईंनी परातीत बोट बुडवून पाहिलं की हे पाणी गार का. मग त्यातल्या मूठभर शेंगा त्यांनी स्वतःसाठी मागून घेतल्या, बारीक चिरून मोहरी-हिंगाची फोडणी, ओलं खोबरं. झाकण न ठेवता.

उरलेल्या गॅलरीत नेल्या. पट्ट्या टिपल्या, ओढल्या, गुंडाळल्या. नवा बिडाचा तवा, गार, जुड्यांचं टोक खाली. चार मिनिटं नुसती चुळबुळ, मग एकदम चर्र आवाज सुरू झाला तेव्हा कळलं की पाणी संपलं, आता चरबी बोलतेय. बारा जुड्यांपैकी दोन उलगडल्या. त्या आमच्या ह्यांना दिल्या. काडी टोचली नव्हती.

जावयाने ताट पाहिलं, एक जुडी उचलली, आधी *हुंगली*. आणि लेकीकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. लेक हसायला लागली. त्याने विचारलं होतं की त्याच्या आईने पार्सल पाठवलं का. काळं_जंगल, तुमच्या ओव्याच्या पानाला एक जुडी माझ्याकडून.

वासाचं मात्र काही जमलं नाही. गॅलरीचं दार लावलं होतं तरी तो आत आलाच. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "खमंग येतोय गं वास. कसला ते सांगू नकोस."

आता एक शेवटची शंका. अर्धी वाटी चरबी निघाली, कढीलिंब म्हणाल्या तशी बरणीत गाळून फ्रीजमध्ये ठेवलीय. तिचं काय करू?

अर्धा_चहा

बटाट्याच्या काचऱ्या. फ्रीजमध्ये महिनाभर सहज टिकते, फ्रीजरमध्ये जास्त.

कढीलिंब

काचऱ्या नंतर. ताई, ती चरबी थिजून पांढुरकी, कणीदार दिसत असेल ना आता? आणि तुमचं साजूक तूप कुठल्या बरणीत असतं?

घोसाळं

अरे देवा. तशीच बरणी, तोच कप्पा. चिठ्ठी लावून येते.