१९६४ च्या ब्राझीलचं बिल कुबिचेक यांच्या नावावर फाडायचं का?

उधारीखाता: १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कर सत्तेवर आलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते गुलार्त, म्हणून सगळे त्यांनाच झोडपतात. मला विचाराल तर उधारी केली त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी. १९५६ ते ६१ 'पाच वर्षांत पन्नास वर्षं' ही घोषणा. वीज, रस्ते, पोलाद, मोटारी, आणि वर ओसाड पठारावर ब्राझिलिया. घर पाहावं बांधून म्हणतात, यांनी राजधानी पाहिली बांधून! पैसा कुठला? नोटा छापल्या, बाहेरून कर्ज काढलं. नाणेनिधीनं हात आखडा म्हटलं, तर १९५९ मध्ये बोलणीच मोडली. १९६३ ला महागाई वर्षाला साधारण ८० टक्के.

लोखंडी_चणे: एवढं सोपं नाही हो. पोलादाचा पाया कुबिचेक यांच्याही आधीचे राष्ट्राध्यक्ष व्हार्गास यांचा. महायुद्धात अमेरिकेला आपली गरज आहे हे ओळखून त्यांनी तिच्याकडूनच कर्ज मिळवलं आणि व्होल्टा रेडोंडाचा कारखाना उभा केला, १९४६ ला भट्ट्या पेटल्या. तेल सरकारी हातात ठेवणारी पेट्रोब्रास १९५३ ची. कुबिचेक यांनी त्यावर मजले चढवले. मोटार कंपन्यांना सांगितलं, सुटे भाग आणून जोडणं बंद, काही वर्षांत वजनानं ९० टक्क्यांहून जास्त गाडी इथेच बनली पाहिजे. आणि बनली! हे तुमच्या हिशेबात कुठेय?

तिरकस_तात्या: बनली, पण कुणाची? साओ पाउलोजवळच्या साओ बेर्नार्दोत, जर्मन फोक्सवागनची. १९५५ च्या आदेश क्रमांक ११३ मुळे परदेशी कंपनीला यंत्रं आणताना परकीय चलन मोजावं लागत नव्हतं, परदेशी भागीदार नसलेल्या देशी कारखानदाराला मात्र लागायचं. (हा आदेश कुबिचेक येण्याआधीचा, हे कबूल.)

उधारीखाता: तात्या, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे.

तिरकस_तात्या: मी कुणाच्याच बाजूचा नाही.

बांधावरची_बाई: तुम्ही सगळे कारखान्यातच अडकलात. शेत कुठे गेलं? व्हार्गास यांच्या १९४३ च्या कामगार संहितेनं शहरातल्या कामगाराला रजा, किमान वेतन दिलं. शेतमजूर बहुतेक बाहेरच, त्यांच्यासाठी कायदा आला थेट १९६३ ला. निरक्षरांना मत नाही, म्हणजे खेड्यातल्या गरिबाला संसदेत विचारतो कोण? जमीन घ्यायची तर आधी रोख मोबदला द्या, असं १९४६ ची घटना सांगते. रोख आणायची कुठून? १३ मार्च १९६४ ला गुलार्त यांनी रिओच्या सभेत हमरस्ते आणि रेल्वेलगतच्या मोठ्या जमिनी ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. तीन आठवड्यांच्या आत सत्ता गेली. यात ब्राझिलिया कुठे आली?

उधारीखाता: जमीनदार १९५४ लाही होतेच की ताई. १९६४ ला नवीन काय होतं? १९ मार्चला साओ पाउलोत मध्यमवर्ग लाखोंनी रस्त्यावर आला. साम्यवादाची भीती होतीच, पण पगार महिनाअखेर पुरत नसेल तर अशी भीती पटकन पटते.

लोखंडी_चणे: लष्कराची खाज त्याहून जुनी. १९५४ ला सेनापतींनी राजीनामा मागितला आणि व्हार्गास यांनी छातीत गोळी झाडून घेतली. १९५५ ला कुबिचेक यांनी एक वीटही रचली नव्हती, तरी त्यांना शपथ घेऊ द्यायची नाही असा घाट होता. युद्धमंत्री जनरल लोट मध्ये पडले म्हणून ते खुर्चीवर बसले. १९६१ ला उपराष्ट्राध्यक्ष गुलार्त यांना राष्ट्राध्यक्ष होण्यापासून अडवायला लष्कर उभं राहिलंच. तेव्हा महागाई ८० टक्के होती का?

उधारीखाता: लोटचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण ब्राझिलियाचा हिशेब अजून कुणी दिला नाही.