विषय: पॅरिश कौन्सिलच्या सभेला जावं का?

नमस्कार मंडळी,
आम्ही नुकतेच ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहायला आलोय. बसथांब्याजवळच्या फलकावर पॅरिश कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या) सभेची नोटीस लागली आहे. मला भाजी लावायला अलॉटमेंट, म्हणजे भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, हवी आहे, पण गावात एकही नाही. शिवाय गल्लीतला खड्डा आणि दोनदा न उचललेला कचरा आहेच. हे सगळं तिथेच मांडायचं का? आमचे पासपोर्ट भारतीय, व्हिसा स्किल्ड वर्करचा. ह्यांचं म्हणणं, आपण कशाला मध्ये पडा?

---

उत्तर १

ताई, बिनधास्त जा. सभा सगळ्यांना खुली असते, म्हणून तर तीन दिवस आधी नोटीस लावावी लागते. गावकऱ्यांना बोलायला बहुतेक ठिकाणी थोडा वेळ राखून ठेवतात. अजेंडा बघा, नाहीतर क्लार्कला एक ईमेल टाका. कौन्सिलचा सगळा कारभार त्यांच्याच हातातून जातो.

कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा, खड्डा काउंटी कौन्सिलचा. त्या तक्रारी त्यांच्याच वेबसाइटवर करा. पॅरिशकडे बाकं, खेळाचं मैदान, बसथांब्याचा आडोसा, कुठे कुठे दफनभूमी, आणि तुमची अलॉटमेंट. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर पॅरिशची वेगळी ओळ असते बघा, तो प्रिसेप्ट. तो तुम्हीही भरता, मग मध्ये पडणं कसलं?

अलॉटमेंटसाठी 1908 चा कायदा आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली, की पॅरिशला तिचा विचार करावाच लागतो. एकट्याने तोंडी विचारलंत तर ‘बघू’ म्हणतील. सहा सह्यांचा कागद अजेंड्यावर घ्यायला सांगा, म्हणजे इतिवृत्तात नोंद होते. पूर्ण प्लॉट साधारण 250 चौरस मीटरचा. नवख्या माणसाला अर्धाही पुष्कळ होतो, तेव्हा अर्धेच मागा, जास्त घरांना मिळतील. मेथी-पालक तर उत्तम येतो.

---

उत्तर २

काकांनी मतदानाचं लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले असल्यामुळे वैध व्हिसावर इथे मतदार होऊ शकतात, पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. ऑनलाइन नाव नोंदवायला पाच-दहा मिनिटं लागतात. आपल्यातली कितीतरी घरं वर्षानुवर्षं हे करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मतदानाला जाताना फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.

नाव लागलं की वार्षिक पॅरिश मीटिंग चुकवू नका. ती 1 मार्च ते 1 जून यादरम्यान होते आणि ती कौन्सिलची नसून गावाची असते, आपल्या ग्रामसभेसारखी. तिथे प्रत्येक मतदाराला बोलता येतं, हात वर करून मतही देता येतं.

कौन्सिलर व्हायला मात्र आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, लागतो. मी आमच्या गावात को-ऑप्ट होऊन आले. जागा रिकामी झाली, मुदतीत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही, मग कौन्सिलनेच अर्ज मागवले. अर्ज माझा एकटीचाच होता. ज्यांना आयएलआर मिळालाय त्यांनी फलकावर अशी नोटीस दिसली तर जरूर अर्ज करावा.

---

उत्तर ३

काका, ताई, मनापासून आभार. आमची दोघांची नावं आज मतदार म्हणून नोंदवली. शेजारच्या आजी आणि समोरचं जोडपं सही करायला तयार आहेत, म्हणजे पाच झाले. मागणीचा मसुदा उद्या इथे टाकते. काका, क्लार्ककडे जायच्या आधी एकदा नजर घालाल का?